बद्धकोष्ठता, वृद्धावस्थेतील

मलोत्सर्ग नेहमीपेक्षा कमी वेळा होणे, मल कठीण व कोरडा असणे, त्यासाठी कुंथावे लागणे अथवा पोट पूर्ण साफ न झाल्याची भावना राहणे, या स्थितीस बद्धकोष्ठता किंवा मलावरोध म्हणतात. आयुर्वेदात तिला ‘विबंध’ अशी संज्ञा आहे. मलोत्सर्ग दररोज झालाच पाहिजे, असा समज रूढ असला, तरी दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंतची कोणतीही नियमित सवय प्राकृत मानली जाते. केवळ या समजापायी अनेक वृद्ध व्यक्ती रेचकांच्या आहारी जातात.

कारणे : मोठ्या आतड्यात अन्नशेषातील पाणी शोषले जाते. अन्नशेष तेथे जितका अधिक काळ रेंगाळतो, तितका मल कोरडा होतो. वाढते वय हे याचे एकमेव कारण नव्हे. दात पडल्यामुळे भाकरी, कोशिंबीर व फळे ताटातून कमी होतात, तहानेची जाणीव मंदावते, रात्री लघवीस उठावे लागू नये म्हणून पाणी कमी प्यायले जाते, हालचालही घटते. लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या, ॲल्युमिनियमयुक्त आम्लनाशके, अफूजन्य वेदनाशामके व रक्तदाबावरील काही औषधे यांमुळे, तसेच मधुमेह, अवटू ग्रंथीची कार्यन्यूनता व कंपवात या विकारांतही मलावरोध होतो.

तंतूंचे कार्य : धान्यांचा कोंडा, कडधान्यांची साले, भाज्या व फळे यांतील न पचणाऱ्या भागास आहारातील तंतू म्हणतात. काही तंतू पाणी धरून ठेवून मल मऊ करतात, तर काही मलाचे आकारमान वाढवून आतड्याच्या चलनास चालना देतात. डेनिस बर्किट, वॉकर व पेंटर यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात तंतुमय आहार घेणाऱ्या ग्रामीण आफ्रिकी लोकांत मलाचे वजन अधिक व अन्नाचा आतड्यातील प्रवासकाळ कमी असल्याचे दाखविले. प्रौढांना दररोज किमान २५ ग्रॅ. तंतू मिळावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

स्थानिक आहार : एवढे तंतू मिळविण्यासाठी महाग किंवा परके पदार्थ लागत नाहीत, हे नासिक जिल्ह्यातील कळवण तालुक्याच्या उदाहरणावरून दिसते. तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ, आदिवासीबहुल भागात नागली, वरई, उडीद व कुळीथ ही पिके होतात. पूर्वेकडे गिरणेच्या खोऱ्यात बाजरी, गहू, मका व कांदा पिकतो. नागली व बाजरी यांच्या १०० ग्रॅ. धान्यात सु. ११ ग्रॅ., तर सडलेल्या पांढऱ्या तांदळात सु. ३ ग्रॅ. तंतू असतात. चावणे सोपे म्हणून वृद्धांना भाकरीऐवजी नुसता मऊ भात देण्याची प्रथा अनेक घरांत आहे. या बदलात तंतूंचा मोठा हिस्सा आहारातून निघून जातो. त्याऐवजी तेच धान्य मऊ करून देणे हितावह ठरते : नागलीची आंबील किंवा पेज, ताकात अथवा वरणात कुस्करलेली भाकरी, कुळथाचे पिठले, शिजवून घोटलेली पालेभाजी, पिकलेली पपई, भिजविलेल्या मनुका व अंजीर.

आहारोपचार : तंतूंचे प्रमाण दोन ते तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे, एकदम वाढविल्यास पोट फुगते. पाणी, ताक, पेज व वरण मिळून पुरेसे द्रव, बहुतांश दिवसाउजेडी, घ्यावेत. पाण्याविना तंतू वाढविल्यास मलावरोध बळावू शकतो. हृदयविकार किंवा मूत्रपिंडविकार असल्यास द्रवाचे प्रमाण वैद्याकडून ठरवून घ्यावे. इसबगोल पेलाभर पाण्यासोबतच घ्यावे. गिळण्यास त्रास होणाऱ्यांनी ते टाळावे. न्याहरीनंतर मोठ्या आतड्याचे चलन वाढते, म्हणून त्या वेळी शौचास बसण्याची सवय उपयुक्त ठरते. उंच भांड्यावर बसताना पायांखाली पाट ठेवल्यास कुंथावे लागत नाही. रोज थोडे चालणेही आवश्यक आहे. एरंडेल व इतर तीव्र रेचके नित्य घेऊ नयेत.

धोक्याची लक्षणे : अंथरुणास खिळलेल्या वृद्धांत गुदाशयात मलाचा कठीण गोळा अडकतो व त्याच्या कडेने पातळ मल पाझरतो. हे जुलाब समजून जुलाबबंदीचे औषध दिल्यास स्थिती बिकट होते. अशा वेळी तंतू वाढवूनही अपाय होतो. प्रथम गोळा काढावा लागतो. मलातून रक्त जाणे, वजन घटणे, रक्तक्षय, उलट्यांसह पोट फुगणे किंवा उतारवयात शौचाच्या सवयीत अकस्मात बदल होणे, ही लक्षणे कर्करोग अथवा आंत्ररोध यांची असू शकतात. ती आढळल्यास आहारोपचारावर विसंबून न राहता रुग्णालयात तपासणी करून घेणे आवश्यक असते.