फाईलींची विविध संग्रहस्थाने आणि त्यांचा सामाईक व्यवस्थापक

१. भाषासंशोधनाची साधनसामग्री पूर्वी वह्या, चिठ्ठ्यांच्या पेट्या व ध्वनिफिती या रूपाने बहुधा एकाच कपाटात राहत असे. आज तीच सामग्री फाईलींच्या रूपाने अनेक ठिकाणी विखुरलेली असते. ध्वनिमुद्रणे विभागाच्या सर्व्हरवर, त्यांची लिखित रूपे विद्यापीठाच्या सामाईक डिस्कवर आणि एखाद्या जुन्या प्रकल्पाचा संग्रह भाड्याने घेतलेल्या क्लाउड-सेवेत, अशी वाटणी सर्रास आढळते. प्रत्येक ठिकाणी प्रवेश करण्याची रीत निराळी असल्याने अभ्यासकाचा वेळ जातो आणि एकाच फाईलीच्या परस्परविसंगत प्रती निर्माण होतात. ही अडचण दूर करण्यासाठी ब्राउझरमधून चालणारे फाईल-व्यवस्थापक तयार झाले आहेत. संस्थेने ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवावयाचे असतात. सामग्री मूळ जागीच राहते. मात्र सर्व संग्रहस्थाने एकाच पडद्यावर दिसतात. फाइलस्टॅश हा या वर्गाचा ठळक नमुना होय. नेक्स्टक्लाउडमधील बाह्य संग्रहाची सोयही याच हेतूने केलेली आहे. या साधनांनी नेमके काय साधते आणि काय साधत नाही, याचा विचार येथे केला आहे.

२. संग्रहस्थानांच्या भाषा भिन्न असण्याचे कारण ऐतिहासिक आहे. एफटीपी या फाईल-प्रेषणपद्धतीचा पहिला आराखडा आयआयटी कानपूरचे पदवीधर अभय भूषण यांनी एमआयटी येथे असताना एप्रिल १९७१ मध्ये 'आरएफसी ११४' या क्रमांकाने मांडला. १९९९ मध्ये वेबच्याच मार्गाने फाईली लिहिता याव्यात म्हणून वेबडॅव्ह ही पद्धती निश्चित झाली, आणि मार्च २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने एस-थ्री ही संग्रहसेवा सुरू केली. नवी पद्धती आली म्हणून जुनी नाहीशी झाली नाही. तथापि तिच्याकडे जाणाऱ्या वाटा कमी होत गेल्या. २०२१ मध्ये क्रोम व फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी एफटीपीचा अंतर्भाव काढून टाकला. अशा वेळी मध्यस्थाची गरज अधिकच भासू लागते.

३. हा मध्यस्थ दुभाष्यासारखे काम करतो. फाइलस्टॅशच्या रचनेत प्रत्येक संग्रहपद्धतीकडून मोजक्याच क्रियांची अपेक्षा केलेली आहे: यादी देणे, फाईल वाचणे, ती जतन करणे, फोल्डर करणे, हलविणे, काढून टाकणे इत्यादी. नव्या पद्धतीची जोड द्यावयाची तर एवढ्या क्रिया त्या पद्धतीच्या भाषेत कशा कराव्यात, हे एकदा लिहून द्यावे लागते. पडद्यावरील कळा मात्र सर्वत्र त्याच राहतात.

४. परंतु दोन भाषांतील शब्द जसे सर्वांशी समानार्थी नसतात, तद्वतच या क्रियांचेही आहे. 'नाव बदलणे' हीच क्रिया पाहावी. नेहमीच्या डिस्कवर फोल्डरचे नाव बदलताना केवळ एक नोंद बदलते. आत हजार फाईली असल्या तरी त्यांस धक्का लागत नाही. एस-थ्रीच्या सर्वसाधारण संग्रहात वस्तुतः फोल्डर ही वस्तूच नाही. तेथे प्रत्येक फाईलीस एक लांब नाव असते, आणि त्यातील तिरप्या रेघांवरून फोल्डरांचा केवळ आभास निर्माण केला जातो. त्यामुळे फोल्डरचे नाव बदलणे म्हणजे आतील प्रत्येक फाईलीची नव्या नावाने प्रत करणे आणि मग जुनी काढून टाकणे होय. हे काम मध्येच तुटले, तर काही ध्वनिमुद्रणे नव्या नावाखाली व काही जुन्या नावाखाली राहतात. पडद्यावर मात्र दोन्ही ठिकाणी कळ एकच असते.

दोन भिन्न संग्रहांमध्ये फाईल हलविताना तर सर्व मजकूर सामान्यतः व्यवस्थापकाच्या सर्व्हरमधून वाहतो. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट व दोन वाहिन्या अशा प्रमाणाने केलेले एका तासाचे असंक्षेपित ध्वनिमुद्रण सुमारे १०४ कोटी बाइटांचे होते. अशी पन्नास मुद्रणे हलविण्यापूर्वी मार्गाचा विचार करणे इष्ट ठरते.

५. भाषाभ्यासकांस विशेष लक्षणीय वाटावा असा प्रश्न देवनागरी नावांचा आहे. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. 'कोल्हापूर' या शब्दात अक्षरे ४ असली तरी चिन्हे ९ व बाइट २७ होतात. लिनक्सवरील एक्स्ट-फोर या व्यवस्थेत एका नावास २५५ बाइटांची मर्यादा असल्याने देवनागरी नाव ८५ चिन्हांपलीकडे जाऊ शकत नाही. एस-थ्रीमध्ये मार्गासह संपूर्ण नावास १०२४ बाइट मिळतात. एका ठिकाणी चालणारे नाव दुसरीकडे नाकारले जाण्याचे हे एक कारण.

त्याहून सूक्ष्म अडचण 'वऱ्हाडी' या शब्दात दिसते. यातील ऱ हे एकच चिन्ह म्हणून लिहिता येते, किंवा र व नुक्ता अशी दोन चिन्हे जोडूनही लिहिता येते. डोळ्यांस दोन्ही रूपे सारखीच; बाइट मात्र पहिल्याचे २१ व दुसऱ्याचे २४. मॅकवरील जुनी एचएफएस प्लस व्यवस्था नावे विघटित रूपात साठवीत असे. एक्स्ट-फोर व एस-थ्री सामान्यतः केवळ बाइट ताडून पाहतात. परिणामी 'वऱ्हाडी' या एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी उभे राहू शकतात, आणि शोध घेणाऱ्यास त्यांपैकी एकच सापडतो. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने ही दोन रूपे एक करता येतात. परंतु र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहिलेले तिसरे रूप त्यानेही एक होत नाही. यास्तव नावे कोणत्या रूपात लिहावयाची, याचा नियम प्रकल्पाच्या आरंभीच ठरविणे श्रेयस्कर.

६. व्यवस्थापक स्वतःच्या सर्व्हरवर चालविण्याचा मुख्य लाभ म्हणजे प्रवेशाचा अधिकार संस्थेच्या हाती राहतो. ज्या भाषकांनी विश्वासाने आपली कथा वा गाणी मुद्रित करू दिली, त्यांच्याशी झालेल्या कराराचे पालन त्यामुळे सुकर होते. परंतु अधिकाराबरोबर भारही येतो. सर्व संग्रहांच्या किल्ल्या एका जागी येत असल्याने ती जागा फुटल्यास सर्वच उघडे पडते. म्हणून दळणवळण सांकेतिक ठेवणे, कार्यक्रम अद्ययावत करीत राहणे आणि ज्याला केवळ वाचावयाचे आहे त्याच्या खात्यास केवळ वाचनाचाच अधिकार देणे, या गोष्टी टाळता येत नाहीत.

दुसरे असे की, व्यवस्थापक म्हणजे राखीव प्रत नव्हे. तो स्वतः काही साठवीत नाही; त्याच्या पडद्यावरून पुसलेली फाईल मूळ संग्रहातूनच पुसली जाते. जेथे जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय आहे तेथे ती आधीच सुरू करावी लागते, आणि एक प्रत तरी या व्यवस्थापकाच्या आवाक्याबाहेर ठेवावी लागते. महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्या सीमेवरील निहालीसारख्या, कोणत्याही ज्ञात कुलाशी नाते सिद्ध न झालेल्या व अल्पसंख्य भाषकांच्या भाषेचे मुद्रण एकदा गेले, तर ते सांगणारी व्यक्ती पुन्हा भेटेलच असे नाही.

सारांश, एका खिडकीतून सर्व संग्रह दिसणे ही सोय मोठी आहे. तथापि खिडकीमुळे संग्रह एक होत नाहीत. प्रत्येकाचे नियम खाली तसेच राहतात. ते जाणणारी एक तरी व्यक्ती विभागात असेल, तरच ही साधने सामग्रीच्या रक्षणास उपयोगी पडतील.