बहुवापरकर्ता संगणक प्रणालीचे अद्ययावतीकरण : ‘डेबियन १३’ मधील नव्या सुविधा, दुरुस्त्या आणि तालुका पातळीवरील सामाईक संगणककक्ष

प्रस्तावना

हातकणंगले हा कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुका. इचलकरंजीचा वस्त्रोद्योग, हुपरीचा चांदी व्यवसाय आणि पंचगंगा-वारणा खोऱ्यातील ऊसशेती ही या परिसराची ओळख होय. अशा तालुक्याच्या ठिकाणी संगणक ही वस्तू बहुधा एकट्याची नसते. महाविद्यालयाच्या संगणककक्षातील एकाच यंत्रावर दिवसभरात निरनिराळ्या वर्गांचे विद्यार्थी आळीपाळीने बसतात, तर कार्यालयातील एकाच सर्व्हरवर अनेक कर्मचारी एकाच वेळी काम करतात. ज्या विद्यार्थ्याकडे स्वतःचा संगणक नाही, त्याच्या प्रकल्पाची एकमेव प्रत या सामाईक यंत्रावरच असते. त्यामुळे या यंत्राच्या मूळ प्रणालीत होणारा बदल हा केवळ तंत्रज्ञाचा विषय राहत नाही.

९ ऑगस्ट २०२५ रोजी ‘डेबियन’ या मुक्त प्रणालीची १३ वी आवृत्ती ‘ट्रिक्सी’ या नावाने प्रसिद्ध झाली. प्रस्तुत लेखात या आवृत्तीतील निवडक सुविधा व दुरुस्त्या सामाईक वापराच्या दृष्टीने स्पष्ट केल्या आहेत. बहुवापरकर्ता प्रणालीचे अद्ययावतीकरण म्हणजे एका यंत्रावर एकत्र नांदणाऱ्या माणसांच्या हक्कांची आणि नोंदींची फेरमांडणी असते. म्हणून ते वापरकर्त्यांना सांगून, क्रमाने आणि वेळेवर करावे लागते, हा लेखाचा मुख्य प्रतिपाद्य विषय आहे.

बहुवापरकर्ता प्रणालीची संकल्पना

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचा पाया घातला. महागडा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरावा, तरीही एकाचे काम दुसऱ्याच्या हाती लागू नये, ही त्यामागील गरज होती. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नल जाहीर केले आणि १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी डेबियन प्रकल्प सुरू केला. १९८८ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. त्यामुळे डेबियनमधील बदल पुढेमागे तिच्या वापरकर्त्यांपर्यंतही पोहोचतात.

या प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र नाव, सांकेतिक शब्द आणि घरासारखे स्वतःचे फोल्डर असते. कोणती फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी, हे कर्नल ठरवते. ‘रूट’ नावाच्या एका खात्याकडे मात्र सर्व किल्ल्यांचा जुडगा असतो. भाषाही प्रत्येकाला स्वतंत्रपणे निवडता येते. एकाच यंत्रावर एका विद्यार्थ्याला सूचना मराठीत, तर दुसऱ्याला इंग्रजीत दिसू शकतात.

सामाईक संगणनाचा प्रयोग या परिसराला नवा नाही. शेजारच्या वारणानगर येथे १९९८ मध्ये ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याची ती योजना होती आणि ऊस उत्पादकांच्या नोंदी हा तिचा मुख्य उपयोग ठरला. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने चाचणी घेऊन हेच काम मोबाइलवरील लघुसंदेशांद्वारे करून पाहिले. ही पद्धत स्वस्त, सोयीची आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत पडणारी असल्याचे त्यांनी नोंदविले. यंत्र बसविण्याइतकाच ते चालते ठेवण्याचा खर्च व सोय महत्त्वाची असते, हा या अनुभवाचा अर्थ आहे.

दुरुस्ती आणि नवी आवृत्ती यांतील भेद

‘अपडेट’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली, सुरक्षेची दुरुस्ती. ती दोष आढळताच येते आणि कार्यक्रमाची आवृत्ती शक्यतो न बदलता केवळ दोष काढते. दुसरी, साधारणतः दोन महिन्यांनी येणारा दुरुस्तीसंच, १३.१ हा संच सप्टेंबर २०२५ मध्ये आला. तिसरी, सुमारे दोन वर्षांनी येणारी संपूर्ण नवी आवृत्ती. पहिल्या दोन गोष्टी विनाविलंब स्वीकाराव्यात, तर तिसरी नियोजनपूर्वक स्वीकारावी.

सुरक्षेच्या दुरुस्तीला विलंब का नसावा, हे तीन उदाहरणांवरून दिसते. ऑक्टोबर २०१६ मध्ये उघड झालेला ‘डर्टी काऊ’ हा दोष कर्नलमध्ये २००७ पासून होता. जानेवारी २०२१ मध्ये ‘सुडो’ या कार्यक्रमात सापडलेला दोष २०११ पासून, तर जानेवारी २०२२ मध्ये ‘पीकेएक्झेक’मध्ये सापडलेला दोष २००९ पासून दडून होता. तिन्हींचा परिणाम एकच होता. साध्या खात्याने यंत्रावर बसलेल्या व्यक्तीला रूटचे अधिकार मिळविता येत होते. घरात एकट्याने वापरल्या जाणाऱ्या संगणकावर अशा दोषाचा धोका तुलनेने मर्यादित असतो. जेथे साठ विद्यार्थ्यांची खाती एकत्र असतात, तेथे एकाच्या हाती जुडगा जाणे म्हणजे उरलेल्या सर्वांची दारे उघडी पडणे होय. म्हणून सामाईक यंत्राला दुरुस्तीची निकड वैयक्तिक यंत्राहून अधिक असते.

‘ट्रिक्सी’मधील महत्त्वाचे बदल

(१) प्रोसेसरच्या वेळेची वाटणी : डेबियन १२ मध्ये ६.१ क्रमांकाचे कर्नल होते; १३ मध्ये ६.१२ आहे. दरम्यान ६.६ या कर्नलपासून वेळेच्या वाटणीची पद्धत बदलली. २००७ पासूनची पद्धत प्रामुख्याने ‘ज्याला आतापर्यंत कमी मिळाले, त्याला आधी’ या तत्त्वावर चालत असे. ‘ईईव्हीडीएफ’ ही नवी पद्धत हक्काचा वाटा तोच ठेवते, परंतु कोणाला थोडा वेळ लवकर हवा आहे, हेही पाहते. सामाईक विहिरीवरील पाण्याच्या पाळीची उपमा येथे लागू पडते. भाजीच्या वाफ्याला थोडेच, पण वेळेवर पाणी लागते. उसाच्या फडाला उशिरा चालते, पण सलग धार लागते. वाफ्याला आधी पाळी दिली, तरी त्याला हक्कापेक्षा अधिक पाणी मिळत नाही आणि उसाचेही घटत नाही. त्याचप्रमाणे एका विद्यार्थ्याची दीर्घ आकडेमोड चालू असताना दुसऱ्याने टंकलेले अक्षर पडद्यावर विनाविलंब उमटावे, हा या बदलाचा हेतू आहे.

(२) तात्पुरत्या फाइलींचे स्थान : ‘टीएमपी’ हे सर्वांना लिहिण्यासाठी खुले असलेले फोल्डर आता डिस्कऐवजी मुख्य स्मृतीत, म्हणजे ‘रॅम’मध्ये ठेवले जाते. त्यासाठी रॅमच्या निम्म्यापर्यंत जागा वापरली जाऊ शकते. यामुळे वेग वाढतो आणि यंत्र बंद होताच जुना कचराही जातो. परंतु विद्यार्थ्याने प्रकल्पाची फाइल तेथे ठेवली असल्यास वीज जाताच तीही जाते. शिवाय नव्याने बसविलेल्या प्रणालीत तेथील दहा दिवसांहून जुन्या फाइली आपोआप काढल्या जातात. ‘व्हार’खालील तात्पुरत्या फोल्डरसाठी ही मुदत तीस दिवसांची आहे. दोन जीबी रॅमच्या यंत्रावर एकाच वापरकर्त्याच्या मोठ्या फाइलींमुळे सर्वांची अडचण होऊ शकते. अशा वेळी व्यवस्थापकाने या जागेची मर्यादा कमी करावी किंवा जुनी पद्धत पुन्हा लागू करावी.

(३) प्रवेशाच्या नोंदी : कोण केव्हा संगणकावर आले, हे पाहण्यासाठी संगणककक्षांत ‘लास्ट’ व ‘लास्टलॉग’ या आज्ञा वर्षानुवर्षे वापरल्या गेल्या. त्या नव्या आवृत्तीत पूर्वीच्या स्वरूपात मिळत नाहीत. ज्या फाइलींत या नोंदी होत, त्यांत २०३८ नंतरची वेळ लिहिण्यास जागाच नाही, हे त्याचे कारण होय. ‘एलएसलॉगिन्स’ ही आज्ञा उपलब्ध असून जुन्या दोन आज्ञांसाठी अनुक्रमे ‘डब्ल्यूटीएमपीडीबी’ आणि ‘लास्टलॉग२’ हे पर्याय निवडता येतात. हजेरीसाठी या नोंदींवर अवलंबून असणाऱ्या कक्षाने जुन्या नोंदींची प्रत आधीच काढून ठेवावी.

(४) इसवी सन २०३८ ची समस्या : युनिक्सची कालगणना १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत होते. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त संख्येत २,१४,७४,८३,६४७ हा सर्वांत मोठा आकडा मावतो. भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ही मर्यादा संपेल आणि पुढच्या सेकंदाला जुनी प्रणाली डिसेंबर १९०१ दाखवू लागेल. ट्रिक्सीमध्ये ‘आय३८६’ हा जुना ३२ बिट प्रकार वगळता सर्व यंत्रप्रकारांसाठी ६४ बिट कालगणना लागू आहे.

(५) अधिकारांची काटकसर : जाळ्यातील दुसरे यंत्र प्रतिसाद देते का, हे पाहणारी ‘पिंग’ ही आज्ञा आता कोणत्याही विशेष अधिकाराविना चालते. बदल लहान आहे, पण त्यामागील तत्त्व मोठे आहे. कार्यक्रमाला लागतील तेवढेच अधिकार असतील, तर त्यातील दोषाने होणारी हानीही मर्यादित राहते.

जुन्या यंत्रांचा प्रश्न

या अद्ययावतीकरणाची झळ साधनांची कमतरता असलेल्या संस्थांनाच अधिक बसणार आहे. ट्रिक्सीपासून ‘आय३८६’साठी कर्नल व स्थापनाप्रणाली दिली जात नाही. ज्या यंत्राचा प्रोसेसरच ३२ बिट आहे, त्याने डेबियन १२ वरच थांबावे लागते. त्या आवृत्तीच्या दीर्घकालीन दुरुस्त्यांची मुदत जून २०२८ पर्यंत आहे.

तथापि यंत्र भंगारात काढण्यापूर्वी एक तपासणी आवश्यक आहे. अनेक यंत्रांचा प्रोसेसर ६४ बिट असूनही त्यावर पूर्वी ३२ बिट प्रणाली बसविलेली असते. ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिल्यास प्रोसेसर दोन्ही प्रकारे चालतो की नाही, हे लगेच कळते. चालत असल्यास सर्व फाइलींची प्रत काढून ६४ बिट प्रणाली नव्याने बसविता येते आणि यंत्राचे आयुष्य वाढते.

दुसरीकडे विंडोज १० या प्रणालीची नियमित मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षा-चिप व नवा प्रोसेसर अनेक जुन्या यंत्रांत नाही. अशा ६४ बिट यंत्रांसाठी डेबियन हा विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. म्हणजे एकाच नव्या आवृत्तीने काही जुनी यंत्रे वगळली आणि काहींना आधारही दिला. आपल्या कक्षातील कोणते यंत्र कोणत्या गटात आहे, याची यादी करणे हे संस्थेचे पहिले कर्तव्य ठरते.

मराठी मजकुराची काळजी

डेबियनची स्थापना मराठी भाषा निवडूनही करता येते आणि युनिकोडमधील मराठी मजकूर नव्या आवृत्तीतही तसाच वाचता येतो. परंतु आयएसएम किंवा श्रीलिपी यांच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या फाइलींत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात. तो फॉन्ट नव्या प्रणालीत नसल्यास मराठी मजकुराऐवजी अर्थहीन अक्षरे दिसतात. फाइल बिघडलेली नसते. तिचा वाचक हरवलेला असतो. हा दोष कोणत्याही अद्ययावतीकरणाने आपोआप दूर होत नाही. जुने यंत्र चालू असतानाच असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून, ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि ‘ळ’ असलेले शब्द डोळ्यांखालून घालणे आवश्यक आहे.

अंमलबजावणीचा क्रम

डेबियनमध्ये एक आवृत्ती ओलांडून पुढे जाता येत नाही. ११ वरून १३ कडे जाताना मध्ये १२ चा टप्पा घ्यावाच लागतो. म्हणून पुढील क्रम सोयीचा ठरतो : प्रत्येक यंत्राचा प्रोसेसर व रॅम यांची यादी करावी, सर्व वापरकर्त्यांच्या फोल्डरांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती उघडते का, हे पाहावे, एका यंत्रावर प्रयोग करून छपाई, मराठी टंकन व अभ्यासक्रमातील कार्यक्रम तपासावेत, त्यानंतरच सुट्टीच्या काळात उर्वरित यंत्रे घ्यावीत. सत्राच्या परीक्षांच्या तोंडावर हे काम काढू नये. बदलांची सूचना साध्या मराठीत फलकावर लावावी, आणि ‘तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवलेले काम टिकणार नाही’ हे वाक्य तिच्यात ठळकपणे असावे.

निष्कर्ष

ट्रिक्सीमधील बदल एकत्रितपणे पाहिल्यास त्यांतील समान सूत्र स्पष्ट होते. वेळेची वाटणी, तात्पुरती जागा, प्रवेशाच्या नोंदी आणि कार्यक्रमांचे अधिकार हे सर्व अनेकांनी मिळून वापरायच्या गोष्टींचे नियम आहेत. नियम बदलल्याचे ज्याला ठाऊक नसते, त्याचेच नुकसान प्रथम होते. संगणककक्षात तो बहुधा स्वतःचा संगणक नसलेला विद्यार्थी असतो. म्हणून दुरुस्त्या लांबणीवर टाकणे आणि नवी आवृत्ती न सांगता लादणे, या दोन्ही गोष्टी टाळल्या पाहिजेत. वेळेवर केलेली दुरुस्ती त्याच्या कामाचे इतरांपासून रक्षण करते, आणि आधी दिलेली सूचना त्याचे काम खुद्द अद्ययावतीकरणापासून वाचविते.