रेलटोली, बोडी आणि कामठ्याचा जमीनदार

आजचा भाग गोंदियाजवळच्या कामठ्याबद्दल आहे. नागपूरची छावणी ती कामठी, हे कामठा. गोंधळ करू नका!

भोसल्यांच्या काळात हा भाग म्हणजे राज्याची कड. पुढे जंगल, डोंगर आणि मग छत्तीसगड. अशा कडेवर जमीनदारी दिली जायची. सारा हलका, पण जबाबदारी मोठी: जंगल तोडून गावं वसवायची आणि वाटा राखायच्या. कामठा ही त्यातली मोठी जमीनदारी. 1818 मध्ये अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले, तेव्हा इथला जमीनदार चिमणा पटेल त्यांच्या बाजूनं उठला. इंग्रज फौजेनं कामठा जिंकलं आणि त्याला पकडलं.

मग 1880 च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे आली. रुळांवर गोंदिया होतं, त्यामुळे बाजार तिकडे वाढला. कामठा गावच राहिलं.

पण ती जुनी कड अजून दिसते. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला ती जुन्या कोडसारखी वाटते: लिहिणारा गेला, कागदपत्रं नाहीत, पण सिस्टिम त्याच्यावरच चालते. गोंदियातली रेलटोली घ्या. टोला किंवा टोली म्हणजे मूळ गावापासून फुटून वसलेली वस्ती. जंगल तोडत पुढे सरकणाऱ्या लोकांचा हा शब्द थेट रेल्वेला जाऊन चिकटला.

दुसरी खूण म्हणजे तलाव आणि बोड्या. उताराला आडवी मातीची पाळ घालायची, वर पाणी साठवायचं, खाली धान पिकवायचं. एक तलाव भरला की जादा पाणी खालच्या तलावात. पंप नाही, वीज नाही. पाण्याशिवाय धान नाही, आणि धानाशिवाय इथं गाव टिकलंच नसतं.

1951 च्या सुमारास मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारकडे गेले. आता त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे 'मामा' तलाव म्हणतात. मालक बदलला, उतार मात्र तोच राहिला. बोडी बुजवून प्लॉट पाडले, तरी पावसाचं पाणी जुन्याच वाटेनं येतं आणि थेट घरात शिरतं.

म्हणून घर किंवा प्लॉट बघायला जाल, तेव्हा सातबारासोबत एक प्रश्न जरूर विचारा: इथं आधी बोडी होती का? उत्तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे मिळेल. भेटू पुढच्या भागात.