गल्ला, चूल आणि मन

परमिट रूमचं नाव दारूवर नव्हे, चकण्यावर टिकतं. बाटली सगळीकडे सारखीच. मसाला पापड, सुके बोंबील आणि चिकन सुक्का मात्र ज्याच्या त्याच्या चुलीचे. त्यामुळे चांगला आचारी सोडून गेला, की मालकाची झोप उडते. कधी कधी चांगला आचारी मिळाल्यावरही उडते!

मुंबई-गोवा रस्त्यावरच्या एका गावातल्या बारचे हिशेब मी लिहितो. मालक पन्नाशीपुढचे, पत्नी जाऊन सहा वर्षं झालेली. त्यांच्याकडे मालवणकडच्या एक बाई कुक म्हणून आल्या. त्याही एकट्या, मुलगा आयटीआयला. त्यांच्या हातचं तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं गावात असं गाजलं, की बारची पायरी कधी न चढलेली माणसंही मागच्या दारानं पार्सल नेऊ लागली.

आणि शेठ स्वयंपाकघरात जाऊ लागले. वीस वर्षं ज्यांनी गल्ला सोडला नव्हता, ते दिवसातून चारदा ‘मीठ बघायला’ आत! वेटर एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. गणपतीच्या तोंडावर शेठनी एकट्या बाईंचा पगार वाढवला, तेव्हा कुजबुजीला ऊत आला. बाईंनी वाढीव नोटा गल्ल्यावर परत ठेवल्या. म्हणाल्या, “शेठ, वाढवायचा तर सगळ्यांचा वाढवा.”

शेठनी मला विचारलं, “बोलू का तिच्याशी?”

दोन जाणती माणसं, दोघंही एकटी. मग अडचण कसली? अडचण एवढीच, की एकाच्या हातात दुसऱ्याचा पगार आहे. ‘नाही’ म्हटलं तर उद्या चूल पेटेल का, ही धास्ती जिला आहे, तिच्या ‘हो’वर तरी विश्वास कसा ठेवायचा? हे मी शेठना सांगितलं. ते गप्प झाले.

बारमध्ये बाईमाणसानं काम करावं का, हा वाद जुनाच. १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यात, जिथं लोक दारू पितात तिथं बायकांना कामाला ठेवायला बंदी होती. दिल्लीत लागू असलेलं ते कलम २००७ साली सर्वोच्च न्यायालयातही टिकलं नाही. बाईला जपायचं म्हणून तिची भाकरीच काढून घ्यायची, हा कुठला न्याय? जपायचं तर कामाच्या जागी जपा. राजस्थानातल्या भंवरीदेवींच्या प्रकरणानंतर १९९७ साली ‘विशाखा’ निकाल आला, २०१३ साली कायदा झाला. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हा कायदा प्रेमाच्या आड येत नाही. नकोशा लगटीच्या आड येतो. पण छोट्या बारच्या मोरीपाशी भांडी घासणाऱ्या किती जणींना ही समिती ठाऊक असेल?

वाट शेवटी बाईंनीच काढली. एका रात्री बार बंद झाल्यावर त्या म्हणाल्या, “शेठ, मला कळत नाही असं नाही. पण तुमचा पगार घेते तोवर काही विचारू नका.” महिनाभर आधी सांगून त्या एका वसतिगृहाच्या मेसवर लागल्या. त्यांचा पै-पैचा हिशेब मी चुकता केला. बारचं गिऱ्हाईक घटलं, पण शेठनी निरोप धाडला नाही.

दिवाळीनंतर ते बाईंच्या भावाकडे गेले, रीतसर विचारलं. उत्तराला चार महिने लागले. मग विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत तीस दिवसांची नोटीस लागली. आतापर्यंत कुजबुजणारं गाव ती उघड्यावर वाचून आलं.

बाई अजून मेसवरच जातात. पगार स्वतःच्या खात्यात ठेवतात. शेठचं तिखलं आता घरी असतं, आणि मीठ कमी पडलं तर मागून घ्यावं लागतं.