जोड दिसावा की लपवावा?

डीजे हा शब्द उच्चारला की मध्यमवर्गीय कपाळावर आठी उमटते. हादरणाऱ्या भिंती, शेजारच्या आजोबांची धडधडणारी छाती, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावयास लावणारा २००० सालचा नियम, एवढेच त्या दोन अक्षरांत आपल्याला ऐकू येते. ती आठी अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु या धंद्यातही कारागिरी आहे, आणि कारागिरी आली की तिच्यामागून प्रामाणिकपणाचे प्रश्न येतातच.

मी पेणला राहतो आणि रोह्याला मराठी शिकवतो. कासू, नागोठणे, निडी करीत गाडी रेंगाळत जाते, आणि वर्गात तोंड न उघडणारे विद्यार्थी डब्यात मोकळे होतात. त्यांतलाच एक बी.ए.चा मुलगा, हळदीच्या कार्यक्रमांत डीजे वाजवून स्वतःची फी भरणारा. एका हळदीतले तासाभराचे वादन त्याने जसेच्या तसे मुद्रित केले होते. नवे यजमान असले मुद्रण ऐकूनच सुपारी देतात. घोळ असा, की एकतिसाव्या मिनिटाला एका कोळीगीतातून पुढच्या गाण्यात शिरताना दोन ताल एकमेकांच्या पायांत पाय घालून अडखळले होते.

"सर, कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत नीट होतं. करू का?"

आता, डीजे गात नाही आणि वाद्यही वाजवीत नाही. गाणी सगळी दुसऱ्यांची. एक गाणे लोक ऐकत असता तो एका कानाला हेडफोन लावून पुढचे ऐकतो. मिनिटाला ९८ ठोक्यांच्या गाण्याला १०४ ठोक्यांचे गाणे भेटायचे असेल तर एकाची गती सरकवतो, आणि समेवर सम बसवून पलीकडे जातो. कीर्तनकारबुवांना पूर्वरंगातून उत्तररंगात उतरताना जे साधावे लागते, त्याच जातीचे हे कसब. हल्ली यंत्रावर 'सिंक'चे बटण असते. ते दाबले की गती आपोआप जुळते. पण समोरची मंडळी पाहून कोणते गाणे कोणत्या क्षणी काढावे, हे काही बटण सांगत नाही.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. १९०२ साली गौहरजान कलकत्त्यात ध्वनिमुद्रिकेसाठी गायिल्या, तेव्हा मेणावर जे उमटले ते उमटले. चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. कात्री खऱ्या अर्थाने आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, चुंबकीय फितीबरोबर. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याने तर १९६४ मध्ये जाहीर मैफली कायमच्या सोडल्या. तुकडे जोडून सिद्ध केलेले वादन त्याला मैफलीपेक्षा श्रेष्ठ वाटे. उलट जेफ मिल्स या अमेरिकन डीजेचे टोकियोच्या लिक्विड रूममधले, १९९६ साली निघालेले मुद्रण त्यातल्या घसरणींसकट वाखाणले जाते. गूल्डचे म्हणणे मला पटते. पण गूल्डचे श्रोते मुद्रण विकत घेत होते. हळदीचे यजमान मुद्रण घेत नाहीत, ते माणूस ठरवतात.

पेणमध्ये राहणाऱ्याला दाखल्यासाठी दूर जावे लागत नाही. साच्यातून निघालेल्या गणपतीवर जोडाची शीर राहते. ती खरवडतात, पॉलिश पेपरने गुळगुळीत करतात. त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. डोळ्यांची आखणी मात्र हाताची. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत एका साच्याच्या कितीतरी मूर्ती ओळीने मांडलेल्या दिसतात, पण आखणारा हात बदलला की मूर्तीचा भाव बदलतो. दोन्ही अर्थांनी!

म्हणून मी त्याला म्हटले, "जनरेटरची घरघर काढ, आवाज कमीजास्त झाला असेल तो सारखा कर, 'एमएच झिरो सिक्सची गाडी बाजूला घ्या' ही मधली आरोळी काप. ती साच्याची शीर. सांध्याला हात लावू नकोस. त्या तासाभरात तुझं असं तेवढंच आहे."

"पण सर, बाकीचे सगळे साफ करून पाठवतात. माझं ऐकून माणूस दुसऱ्याकडे जाईल."

फी तुम्ही भरणार का, हे तो बोलला नाही, चेहऱ्यावर होते. आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. घासूनपुसून लखलखीत केलेल्या दहा मुद्रणांत एकटे खरे मुद्रण कच्चेच वाटते. तुळशीचे लग्न झाल्यापासून पाऊस पडेपर्यंत काय तो हंगाम. त्यात दोन सुपाऱ्या गेल्या तर सहामाहीची फी गेली. पगारदार माणसाने तत्त्व सांगणे सोपे असते.

नागोठणे गेल्यावर त्यानेच तोड काढली. दोन मुद्रणे करायची. एक घरी बसून, हवे तसे कापून-जोडून केलेले, आणि त्यावर तसे स्वच्छ लिहायचे. दुसरे हळदीत प्रत्यक्ष वाजवलेले, अडखळण्यासकट. नाव खरे असले तर कात्री कितीही चालवावी, याला माझी काही हरकत नव्हती.

रोह्यातल्या एका यजमानांकडे त्याने दोन्ही पाठवली. त्यांनी पहिले दोनेक मिनिटे ऐकले, दुसरे मधूनच, आणि तीन प्रश्न विचारले: स्पीकर किती, जनरेटर तुमचा की आमचा, आणि दहाला नक्की बंद कराल ना? पैसे अजून ठरायचे आहेत.