हर्नियाचे ऑपरेशन : इंजेक्शन आधी, गोळ्या कशाला?

हमाली करणाऱ्या, गाडा ओढणाऱ्या कितीतरी माणसांच्या जांघेत फुगा येतो. खोकला आला की बाहेर, आडवे झाले की आत. हाच हर्निया, जुनी माणसे अंतर्गळ म्हणतात. मोठ्या माणसाचा हर्निया औषधाने जात नाही, ऑपरेशन लागते आणि बहुतेक वेळा आत जाळी बसवतात. आम्ही वस्तीत गेलो की ठरलेला प्रश्न येतो, "ताई, जखम पिकू नये म्हणून गोळ्या किती दिवस घ्यायच्या?"

सहसा एकही दिवस नाही, असे सांगितले की लोक नाराज होतात.

जखम पिकवणारे जंतू बहुधा आपल्याच कातडीवरचे असतात. चीर दिली की आत शिरतात. त्या वेळी औषध अंगात आधीच भिनलेले हवे. म्हणून चिरेच्या आधीच्या तासाभरात शिरेतून एक इंजेक्शन देतात, बऱ्याचदा सेफाझोलिन. टाके पडल्यावर पाच दिवस गोळ्या गिळून जादा फायदा होत नाही. ऑपरेशननंतर नुसती खबरदारी म्हणून अँटिबायोटिक लांबवू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालीच सांगितले आहे. जुलाब होतात, मेडिकलचे बिल वाढते आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

ते एक इंजेक्शनही सर्वांना लागतेच असे नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनला सहसा गरज नसते. पण जिथे जखमा जास्त पिकतात, तिथे चीर देऊन जाळी बसवताना ते द्यावे. म्हणून आधीच विचारा, "मला इंजेक्शन देणार का?" पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर तेव्हाच सांगा. घरी ब्लेडने केस काढू नका. बारीक ओरखड्यांत जंतू बसतात. साखर ताब्यात आणा, बिडी महिनाभर आधी सोडा.

आमच्या ओळखीच्या एका दादांच्या जखमेतून दहाव्या दिवशी पाणी येऊ लागले. घरात उरलेल्या गोळ्या त्यांनी चार दिवस खाल्ल्या. तोवर पू जाळीपर्यंत गेला आणि दोन महिन्यांची मजुरी बुडाली. पिकलेल्या जखमेचा उपचार वेगळा असतो. तिथे डॉक्टरांनी दिलेला कोर्स पुराच करायचा.

जाळी असेल तर तीन महिने लक्ष ठेवा. लाली, गरमपणा, वाढते दुखणे, पू किंवा ताप दिसला की ऑपरेशनचे कागद घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा.