तोंडात रबर, मनात शब्द

मालवणच्या स्कूबा पर्यटनावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. तारकर्लीची पर्यटन महामंडळाची डायव्हिंग संस्था, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक, पावसाळा सरल्यावर सुरू होऊन मेअखेर मिटणारा हंगाम, दिवाळीच्या सुट्टीतली गर्दी असा मजकूर जवळजवळ डोक्यात तयारच होता. बोटीवर एका इन्स्ट्रक्टरच्या मांडीवर सबंध चेहरा झाकणारा मास्क दिसला. त्याच्या पट्ट्याला साबणाच्या वडीएवढी काळी डबी लावलेली होती. ‘ह्याच्यातसून खाली बोलूक येता,’ तो म्हणाला. ठरवलेला लेख तिथेच मागे पडला.

पाणबुड्याचं मुकेपण मुळात फार जुनं नाही. पितळी शिरस्त्राण घालून, बोटीवरून आलेल्या नळीतून हवा घेत समुद्रात उतरणाऱ्या जुन्या पाणबुड्यांकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून टेलिफोन होता. हवेच्या नळीसोबत तारही खाली जात असे. १९४३ साली जाक कूस्तो आणि एमिल गान्याँ या दोघांनी फ्रान्समध्ये ‘ॲक्वालंग’ घडवलं. माणसाने हवा पाठीवर घेतली, नळी सोडली, आणि नळीसोबत तारही गेली. समुद्रात मनसोक्त हिंडण्याची मोकळीक त्याने बोलण्याच्या बदल्यात मिळवली. बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर काम करणारे व्यावसायिक डायव्हर आजही वरून हवा घेतात आणि तारेवर बोलतात. तिथे एक शब्द चुकीचा ऐकला गेला तर जिवावर बेतू शकतं, म्हणून तार कोणी सोडत नाही. हौशी डायव्हरच्या वाट्याला मात्र हाताच्या खुणा, पाटी-पेन्सिल आणि टाकीवर ठोकायचा धातूचा तुकडा एवढंच उरलं.

टाकीवर ठोकलं की आवाज लगेच पोचतो, पण तो कुठून आला ते कळत नाही. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात १५०० मीटरच्या आसपास. दोन्ही कानांवर तो इतक्या कमी अंतराने येऊन आदळतो की मेंदूला दिशा लावता येत नाही. डायव्हर गरागरा मान फिरवतो आणि बोलावणारा त्याच्या मागेच असतो. पाण्यातला हा वेग पहिल्यांदा नीट मोजला गेला तो १८२६ साली, जिनिव्हा सरोवरात. कोलादों आणि स्टुर्म या शास्त्रज्ञांनी पाण्यात घंटा वाजवली, त्याच क्षणी बोटीवर बंदुकीच्या दारूचा भडका उडवला आणि दूरच्या बोटीत पाण्यात नळा धरून घंटेचा आवाज टिपला. उत्तर आलं १४३५ मीटर.

पाण्यात बोलायचं तर आवाजानेच बोलावं लागतं, कारण रेडिओच्या लहरी खाऱ्या पाण्यात फार लवकर विरतात. खिशातला मोबाइल लाटेखाली हातभर गेला की त्याचा सिग्नल तुटतो. अमेरिकी नौदलाने १९४५ मध्ये पाणबुडी जहाजांसाठी पाण्याखालचा टेलिफोन बनवला. नौसैनिक त्याला ‘गर्ट्रूड’ म्हणत. माणसाचा आवाज ८ किलोहर्ट्झच्या आसपास चढवायचा आणि पाण्यात सोडायचा, ही त्याची युक्ती. आज हौशी डायव्हरच्या मास्कवर बसणारी डबी हे त्याच कल्पनेचं छोटं रूप आहे.

ही डबी मी बराच वेळ हातात धरून बसलो. तिच्यात एक सिरॅमिकची चकती असते, लेड झिर्कोनेट टायटॅनेटची. वीज दिली की ती थरथरते, आणि कोणी तिला थरथरवलं की वीज देते. म्हणजे तोंडही तीच आणि कानही तीच. कॅलिफोर्नियाच्या ओशन टेक्नॉलॉजी सिस्टिम्स या कंपनीच्या आणि इटलीच्या ओशन रीफच्या यंत्रांत ही चकती सेकंदाला ३२,७६८ कंपनांच्या पट्टीवर काम करते. क्वार्ट्झच्या घड्याळातला स्फटिकही याच गतीने थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. मनगटावरच्या घड्याळाची आणि पाण्यातल्या बोलण्याची पट्टी एकच आहे, हे कळल्यावर ती डबी मला एकदम ओळखीची वाटली.

माणसाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतच ऐकू येतं, त्यामुळे ही पट्टी कानाला मुकी असते. डायव्हर बोलतो तेव्हा त्याच्या आवाजातली तीनशे ते तीन हजारांची कंपनं या पट्टीच्या वर चढवली जातात. मूळ पट्टी आणि तिच्या खालची जुळी बाजू गाळून टाकतात, फक्त वरची बाजू पाण्यात जाते. त्यामुळे इवल्याशा बॅटरीची ताकद वाया जात नाही. पलीकडची डबी गाळलेली पट्टी स्वतः तयार करते आणि आवाज पुन्हा खाली उतरवते. दोन्ही डब्यांचा सूर जुळला नाही तर माणूस बदकासारखा बोलू लागतो. बोलणारा सेकंदाला एक मीटर वेगाने तुमच्याकडे पोहत आला तर सगळा आवाज वीस-बावीस कंपनांनी चढतो. ते मात्र कानाला चालून जातं.

आमच्या बोटीवर वरून ऐकायचं यंत्र होतं. तार सोडून चकती पाण्यात टांगायची आणि कानाला हेडफोन लावायचा. इन्स्ट्रक्टर पाठमोरा पाण्यात पडला. आधी काहीच नाही. मग श्वास. तो आत ओढला जाताना घशातून खरवडल्यासारखा आवाज, मग बुडबुड्यांचा गडगडाट, मग पुन्हा तोच खरवडा. त्याच्यामागे सतत चरचर चालू होती, कढईत मोहरी तडतडावी तशी. उष्ण समुद्रांच्या खडकांत राहणाऱ्या चिमुकल्या कोळंब्या एक नांगी इतक्या झटक्यात मिटतात की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो. त्या फुटण्याचा हा आवाज. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्यांचा कानोसा घेणाऱ्यांना या कोळंब्यांनी हैराण केलं होतं. त्यांची तडतड आपल्या कानाच्या मर्यादेच्या कितीतरी वर जाते आणि डबीच्या पट्टीलाही ती सोडत नाही. या गलक्यातून शब्द आले, ‘आवाज येता काय?’ येत होता. पसाभर पाण्यात तोंड बुडवून बोलल्यासारखा, पण शब्द न् शब्द लागत होता. मग तो खडकाला वळसा घालून गेला, आमच्याकडे पाठ झाली, आणि आवाज कापल्यासारखा बंद पडला.

असं का, ते त्याने वर आल्यावर दाखवलं. पाठीवर हवेची टाकी, अंगावर हवेने फुगणारं जॅकेट, डोक्यावर बारीक हवेचे फुगे भरलेल्या निओप्रीनची टोपी. पाण्यातला आवाज हवेला आपटला की परततो. डायव्हरने स्वतःभोवती हवा बांधलेली असते आणि तीच त्याच्या आवाजाच्या आड येते. उथळ पाण्यात तळ, पृष्ठभाग आणि खडक यांवरून आपटून आलेले पडसाद एकमेकांत मिसळतात. थंड-गरम पाण्याचे थर असतील तर आवाज वाकतो आणि मधल्या पट्ट्यात काहीच पोचत नाही. कंपनीने पत्रकावर छापलेलं अंतर शांत, मोकळ्या पाण्यातलं असतं. कोकण किनाऱ्यावर ते धरून चालू नये.

हे अडथळे पुरते गेलेले नाहीत, पण त्यांच्याशी जुळवून घेता येतं. त्यांच्याहून मोठी अडचण पाण्यात नाहीच, ती तोंडात आहे. दातांमध्ये दोन बोटं धरा, ओठ त्यांच्याभोवती मिटा आणि ‘पाणी वर मला भीती’ म्हणून बघा. प, म, भ हे ओठ मिटल्याशिवाय होत नाहीत. त, थ, द यांना जिभेला दात लागतात. उरतात क, ग, ह यांसारखी मोजकी व्यंजनं आणि स्वर. टाकीतली हवा तोंडाशी आणणाऱ्या रेग्युलेटरचं रबरी माऊथपीस दातांत धरलेल्या माणसाची हीच गत असते. कितीही चांगला मायक्रोफोन बसवला तरी जो आवाज तोंडातून निघालाच नाही तो तो कुठून आणणार?

यावर दोन वाटा निघाल्या. जपानच्या यामागाता कॅसिओने ‘लोगोझीज’ नावाचं यंत्र काढलं. ते साध्या मास्कच्या पट्ट्याला बसतं आणि आवाज कवटीच्या हाडातून घेतं, हाडातूनच ऐकवतं. रेग्युलेटर तोंडातच राहतो, पण शब्द अर्धेच येतात. सरावलेल्या जोडीला ते पुरतात, अनोळखी माणसाला अंदाज बांधावा लागतो. दुसरी वाट सबंध चेहऱ्याच्या मास्कची. त्यात रबर दातांत धरावं लागत नाही. नाकातोंडावर एक छोटी वाटी बसते, तिच्यात मायक्रोफोन असतो आणि ओठ मोकळे राहतात. माणूस जवळजवळ घरच्यासारखा बोलतो. जबडा दुखत नाही, काच फारशी धुरकटत नाही, आणि डायव्हर बेशुद्ध पडला तरी तोंडातून रेग्युलेटर सुटत नाही. हा शेवटचा फायदा मला बोलण्याहूनही मोठा वाटतो.

पण इथूनच माझी काळजी सुरू झाली, आणि ती अजून गेलेली नाही.

स्कूबाचा पहिला धडा असा की श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा कोंडून माणूस वर आला तर ती दुप्पट जागा मागते. भरल्या छातीने जेमतेम मीटर-दीड मीटर वर सरकणंही फुप्फुसाला इजा करू शकतं. आता या यंत्राकडे बघा. बोलताना श्वास सोडतोच, ते ठीक. पण ऐकताना? स्वतःच्या बुडबुड्यांचा गडगडाट समोरच्याच्या शब्दांवर पडतो, म्हणून नकळत माणूस श्वास थांबवून कान देतो. वर हेडफोन लावून बसलेला मीसुद्धा नीट ऐकू यावं म्हणून श्वास धरत होतो. खाली, तरंगण्यावर पुरता ताबा नसलेल्या नवख्याने तेच केलं तर त्याच्या छातीतली भरलेली हवा त्याला आपसूक वर उचलते. ऐकण्याची सोय थेट पहिल्या नियमाशी भांडते. अनुभवी लोक यावर सराव करतात. श्वास चालू ठेवायचा, एखादा शब्द गेला तर जाऊ द्यायचा, पुन्हा विचारायचं. यंत्रावर एका वेळी एकच जण बोलू शकतो, बटण सोडल्याशिवाय ऐकू येत नाही, म्हणून वाक्यं तोडकीच ठेवायची.

मास्कचंही तसंच. साध्या संचात सोबत्याची हवा संपली तर तो तुमचा जादा रेग्युलेटर ओढून तोंडात घालतो, काम झालं. सबंध चेहऱ्याचा मास्क घातलेल्याला आधी तो मास्क उतरवावा लागतो. खारं पाणी डोळ्यांत-नाकात जातं, थंड समुद्रात चेहऱ्याला धक्का बसतो, मग आंधळेपणाने रेग्युलेटर शोधायचा आणि खिशातला सुटा मास्क चढवायचा. हे ज्याने पुन्हा पुन्हा घोटलेलं नाही त्याने तो मास्क घालू नये. त्यात हवाही जास्त जाते, कान मोकळे करायला नाक दाबण्याची वेगळी सवय लागते, आणि एका माणसाचा मास्क-यंत्राचा संच लाखाच्या पुढे जातो.

आणि तरीही आवाजाची गरज सगळ्यात जास्त कोणाला आहे, ते मालवणला डोळ्यांनी दिसतं. आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात उतरलेला पर्यटक पुढे, आणि त्याची टाकी धरून गाईड मागे किंवा वर. पर्यटकाला गाईड दिसत नाही, म्हणजे हाताच्या खुणाही दिसत नाहीत. पाणी गढूळ असलं तर चार हातांपलीकडचं कोणालाच दिसत नाही. अशा वेळी घाबरलेल्या माणसाच्या कानात ‘हळू श्वास घ्या, मी इथेच आहे’ एवढं ऐकू आलं तर किती फरक पडेल. मनगटावरची घड्याळं आता ३० मीटरच्या आत ठरावीक संदेश पाठवू लागली आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये साध्या फोनच्या स्पीकर-माइकवरून पाण्याखाली खुणांचे संदेश धाडणारं ॲपही बनवलं. पण घाबरलेला माणूस पडदा वाचत नाही.

माझं मत असं, की नवख्याच्या चेहऱ्यावर बोलणारा मास्क चढवू नये. त्याला फक्त ऐकायला द्यावं. हाडातून ऐकवणारी छोटी डबी त्याच्या साध्या मास्कच्या पट्ट्याला बसते, रेग्युलेटर तोंडात तसाच राहतो. बोलायचं काम गाईडचं, आणि सबंध मास्कचं प्रशिक्षणही त्याचंच. श्वास थांबवून ऐकण्याचा मोह तरीही उरतो, म्हणून कानावर पडणाऱ्या दर वाक्याची सुरुवात ‘श्वास चालू ठेवा’ अशी व्हायला हवी. बोटीवर शिकवलेल्या खुणा यातून सुटत नाहीत. बॅटरी संपली, खडक आड आला, तर हातच बोलणार आहेत.

तारकर्लीसारख्या ठिकाणी प्रशिक्षक आहेत, समुद्र शेजारी आहे, दर हंगामात नवे पर्यटक आहेत. तिथल्या लोकांनी एक हंगाम दोन-चार गाईडांना ही यंत्रं देऊन पाहावं. कुठल्या पाण्यात किती ऐकू आलं, कोण घाबरलं, कोणी श्वास धरला, हे वहीत टिपून ठेवावं आणि मराठीत छापावं. आपल्या किनाऱ्यावर हे यंत्र कितपत चालतं ते कंपनीच्या पत्रकातून कळणार नाही. ते त्या वहीतूनच कळेल.